सहा गुंठे गवत

आबा पहिल्यांदा ओहायोतल्या कोलंबसला आले ते सप्टेंबरात. घरी पोहोचल्यावर त्यांनी चहा घेतला, पायांत चपला सरकवल्या आणि मागच्या दाराने बाहेर पडले. घराला एक फेरी मारून आले आणि म्हणाले, "एवढं रान मोकळं आहे. काय घेतेस यात?"

"गवत," मी म्हटलं.

ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मग गवत तरी नीट घे."

मला लॉन राखता येऊ लागलं ते तिथून. त्याआधी चार वर्षं मी त्यावर पैसे आणि शनिवार-रविवार खर्च करत होते, पण सगळं चुकीच्या ऋतूत. अमेरिकेच्या उत्तर भागात लॉनचं वर्ष वसंतात सुरू होत नाही, ते सुरू होतं सप्टेंबरात. एप्रिलमध्ये जे हिरवं दिसतं ते आदल्या गणपती ते दिवाळीच्या दिवसांत केलेल्या कामाचं पीक असतं. हे मला इथल्या कुणी सांगितलं नव्हतं. फलटणकडे कालव्याच्या पाण्यावर ऊस आणि रब्बीला गहू घेणाऱ्या माझ्या वडिलांनी मात्र ते आठवडाभरात ओळखलं.

आमचा प्लॉट पाव एकराचा, म्हणजे मोजून दहा गुंठे. घर, गाड्या लावायची जागा आणि दोन मोठ्या मॅपलखालची दाट सावली वजा केली की सहा गुंठे लॉन उरतं. ओहायोत हे अगदी सर्वसाधारण माप आहे. घरापुढचं गवत इथे फक्त आपलं नसतं. ते रस्त्यावरून दिसतं, शेजाऱ्याच्या गवताला लागून असतं, आणि फार माजलं तर वसाहतीच्या समितीचं पत्र येतं. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उपग्रहाच्या आणि हवाई छायाचित्रांच्या आधारे अंदाज काढला होता, की अमेरिकेत घरांची अंगणं, बागा आणि मैदानं मिळून सुमारे १ लाख ६० हजार चौरस किलोमीटर जमिनीवर असं राखलेलं गवत असावं. म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून जास्त. एवढ्या जमिनीवर खत कधी पडतं, पाणी किती पडतं, त्यातलं वाहून कुठे जातं, हे प्रश्न एकट्यादुकट्याच्या हौशीचे राहत नाहीत.

आबा आले तेव्हा आमचं लॉन वाईट अवस्थेत होतं. रस्त्याकडच्या बाजूला गवत विरळ, मध्येमध्ये ताटाएवढी टकलं, माती विटेसारखी टणक. एप्रिल आला की इथल्या दुकानांत बियाण्याच्या पिशव्यांच्या थप्प्या लागतात, म्हणून मीही दर वर्षी एप्रिल-मेमध्ये बी टाकत होते. ते उगवायचं, महिनाभर कौतुकाने डोलायचं आणि जुलैच्या उन्हात जळून जायचं. रिकाम्या जागेत क्रॅबग्रास हे तण पसरायचं. एका वर्षी वैतागून मी लॉनची निगा राखणाऱ्या कंपनीला काम दिलं. त्यांनी मार्चअखेर औषध टाकलं, आणि मी त्यांना आधी विचारून तीन आठवड्यांनी बी पेरलं. एक काडी उगवली नाही. नंतर शेजारच्या आजोबांनी समजावलं, की ते उगवणीपूर्व तणनाशक होतं. जमिनीत रुजू पाहणारं कुठलंही बी ते मारतं, तणाचं असो की आपलं. पेरणी करणार आहे असं सांगूनही मला हे कुणी बोललं नाही, याचा राग माझ्या मनात अजून आहे. ज्याला दुसऱ्याच्या जमिनीवर औषध टाकायचं आहे, त्याने तेवढं सांगायलाच हवं.

आबांनी मात्र गवताची एक काडी उपटून दातांत धरली आणि विचारलं, "हे थंडीचं की उन्हाचं?" सगळं या प्रश्नात आहे.

आपल्याकडे ज्वारी, मका, ऊस ही उन्हाला तोंड देणारी पिकं, आणि गहू थंडी मागणारा. सगळी गवताच्याच कुळातली, पण स्वभाव दोन. लॉनच्या गवतांचंही तसंच. गणपतीला वाहतो ती दूर्वा, म्हणजे बांधावरची हरळी, ही उन्हाच्या बाजूची. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत तीच बर्म्युडा ग्रास या नावाने लॉनला लावतात, आणि थंडी पडली की ती पेंढ्यासारखी पिवळी होते. ओहायोत लॉनला असतात ती गव्हाच्या स्वभावाची गवतं. केंटकी ब्लूग्रास हे त्यातलं सर्वात माहीत असलेलं. नावात केंटकी असलं तरी ते मूळचं युरोप आणि आशियाचं, वसाहतवाल्यांबरोबर आलेलं. जमिनीखालून धावती खोडं टाकत ते पसरतं आणि टकलं आपोआप भरून काढतं. दुसरं टॉल फेस्क्यू. ते झुपक्याने वाढतं, पण मुळ्या दोन-तीन फूट खोल घालतं, त्यामुळे पाण्याचा ताण सोसतं. तिसरं पेरेनियल राय, उगवायला सर्वात चपळ.

या तिघांच्याही मुळ्या मातीचं तापमान १० ते १८ अंश सेल्सियस असताना सर्वात जोमाने वाढतात. उन्हाळ्यात माती तापली की मुळ्या आखडतात, काही मरतात, गवत कसंबसं तग धरतं. सप्टेंबर आला की रात्री गार होतात, पण माती अजून उबदार असते. ऊन असतं, पण त्यात जाळ नसतो. तण थकलेलं असतं. गवत या दिवसांत वर कमी आणि खाली जास्त वाढतं. बुडख्यातून नवे फुटवे काढतं, आणि दिवस लहान होत जातात तशी पानांत तयार होणारी साखर बुडख्यात आणि खोडांत साठवतं. हीच साखर पेशींतलं पाणी सहजी गोठू देत नाही आणि मार्चमध्ये पहिला कोंब काढायलाही उपयोगी पडते. आबांच्या शब्दांत, "म्हंजे ही रब्बीच की."

मग रब्बीची तयारी सुरू झाली. पहिलं काम माती मोकळी करण्याचं. इथे वसाहत बांधताना बिल्डर वरची चांगली माती खरवडून काढतात, जड यंत्रं फिरवतात आणि शेवटी चिकणमातीवर दोन बोटं माती पसरून गवताच्या सतरंज्या अंथरून जातात. त्या मातीत हवा शिरत नाही, पाणी मुरत नाही. नांगर तर घालता येत नाही, कारण वर गवत उभं आहे. त्यासाठी एअरेटर नावाचं यंत्र भाड्याने मिळतं. त्याला पोकळ दाते असतात. ते जमिनीत घुसून दोन-तीन इंच लांबीच्या, करंगळीएवढ्या जाडीच्या मातीच्या कांड्या उपसून वर टाकतात. नुसते खिळे टोचणारी यंत्रंही मिळतात, पण ती घेऊ नयेत. खिळा भोक पाडताना कडेची माती आणखी दाबतो, तर पोकळ दाता माती बाहेर काढतो.

मी शनिवारचं यंत्र ठरवून ठेवलं होतं. गुरुवारी आणि शुक्रवारी पाऊस झाला. शनिवारी सकाळी यंत्र आणायला निघाले तर आबा अंगणात उकिडवे बसलेले. मूठभर माती काढून त्यांनी दाबली, गोळा केला आणि कमरेच्या उंचीवरून खाली सोडला. गोळा तसाच पडला, फुटला नाही. "वाफसा नाही," ते म्हणाले. "आज यंत्र घालशील तर भोकं लिंपली जातील आणि चाकांखाली रान चेंगरेल. मंगळवारी बघू." मी भाड्याचं, सुट्टीचं, पुढच्या आठवड्यातल्या कामाचं कारण सांगून पाहिलं. ते हलले नाहीत. मंगळवारी गोळा जमिनीवर पडून फुटला. मी अर्धा दिवस रजा टाकली आणि संध्याकाळपर्यंत सहा गुंठे दोनदा, आडवे आणि उभे, काढून झाले.

वाफसा हा शब्द इथल्या माहितीपत्रकांत नाही. तिथे एवढंच लिहिलेलं असतं की माती ओलसर असावी, चिखल नसावा. पण अगदी कोरडी माती असेल तर दाते शिरत नाहीत, आणि ओली असेल तर नुकसान होतं. या दोन्हींच्या मधल्या नेमक्या अवस्थेला आपल्या भाषेत एक शब्द आहे आणि ती ओळखण्याची मुठीची परीक्षा आहे. मी ती आता शेजारच्या तीन घरांना शिकवली आहे. वर पडलेल्या कांड्या वेचायच्या नाहीत. दोन आठवड्यांत पावसाने आणि पायांनी विरघळून त्या परत मातीत जातात. पाण्याच्या फवाऱ्यांची तोंडं जमिनीत असतील तर आधी झेंड्या लावून ठेवाव्यात, नाहीतर दाते ती फोडतात.

त्याच आठवड्यात मातीचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला. आबांच्या गावी कृषी विभागाचा माणूस बांधावर येऊन जसा चार-पाच ठिकाणची माती गोळा करून मिसळतो, तसाच. सामू, म्हणजे पीएच, ७.३ आला. दुकानातला विक्रेता मला दर वर्षी चुन्याची पोती देत असे, कारण "शरद ऋतूत चुना टाकतातच." मध्य ओहायोची माती चुनखडीच्या खडकावरून हिमनद्यांनी आणून टाकलेली, तिच्यात चुना मुळातच भरपूर. या गवतांना सामू साधारण ६ ते ७ च्या आसपास लागतो. मी तीन वर्षं जमिनीला नको असलेलं औषध पाजत होते. ईशान्येकडच्या राज्यांत माती आम्ल असते, तिथे चुना लागू शकतो. म्हणूनच शेजारचा टाकतो म्हणून आपण टाकू नये, अहवाल बघून टाकावा.

अहवालात स्फुरदही, म्हणजे फॉस्फरस, भरपूर निघालं. ही गोष्ट मी विशेष लक्षात ठेवते. ऑगस्ट २०१४ मध्ये एरी सरोवरात विषारी शेवाळ इतकं माजलं, की त्यावर अवलंबून असलेल्या टोलेडो शहराच्या परिसरातल्या लाखो लोकांना तीन दिवस नळाचं पाणी प्यायला मनाई होती. उकळूनही उपयोग नव्हता, उकळल्याने ते विष उलट दाट होतं. त्या शेवाळाचं मुख्य खाद्य शेतांतून वाहून येणारं स्फुरद होतं, लॉनचा वाटा त्यामानाने लहान. आमच्या अंगणातलं पाणी एरीला जातही नाही. ते सायोटो नदीतून ओहायो नदीला, तिथून मिसिसिपीला आणि पुढे समुद्राला मिळतं. पण कुठेतरी जातंच. त्यामुळे मातीत स्फुरद पुरेसं असताना मी ते टाकत नाही. खत फेकून झालं की फुटपाथवर आणि रस्त्यावर उडालेले दाणे झाडूने परत गवतात लोटते. हे पाच मिनिटांचं काम आहे आणि मला ते सगळ्या कामांत सर्वात महत्त्वाचं वाटतं.

मग पेरणी. मध्य ओहायोत ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या शेवटापर्यंत पेरलेलं बी साधतं. उभ्या विरळ लॉनमध्ये फेरपेरणी करायची तर टॉल फेस्क्यू हजार चौरस फुटांना तीन-चार पौंड पुरतं, म्हणजे गुंठ्याला दीड ते दोन किलो. पिशवीमागची चिठ्ठी वाचायला आबांनीच लावलं: उगवणशक्ती किती टक्के, तणाचं बी किती, तपासणी कधीची. स्वस्त पिशवीत एकवर्षीय राय जास्त असतं. ते आठवड्यात हिरवं होतं आणि पुढच्या उन्हाळ्यात संपतं.

बी पडल्यावर काय करायचं हे मात्र आपल्याकडच्या कुठल्याही बाईला शिकवावं लागत नाही. नवरात्रात आपण घट बसवतो. पत्रावळीवर माती, त्यात गहू, ज्वारी, जवस. कुणी तिथे घागरीने पाणी ओतत नाही, आणि कुणी ते सुकूही देत नाही. झिरपणारा घट माती सतत ओलसर ठेवतो, बी मातीला चिकटून असतं, वर थोडी सावली असते. दुसऱ्या-तिसऱ्या माळेला कोंब दिसतात. अंगणातही हेच. बी मातीला टेकलेलं हवं, एअरेटरच्या भोकांत पडलेलं तर उत्तमच. वरचा अर्धा इंच थर दिवसातून दोन-तीनदा हलक्या फवाऱ्याने ओला ठेवायचा. एकदा मोड आला आणि सुकला, की ते बी संपलं. उगवल्यावर पाण्याच्या वेळा कमी करत, एका वेळचं पाणी वाढवत न्यायचं, म्हणजे मुळ्या खाली पाण्याच्या शोधात जातात.

त्या वर्षी घरातला घट आणि बाहेरचं लॉन जवळजवळ एकाच वेळी रुजलं. राय पाच-सात दिवसांत दिसलं, फेस्क्यू दहा-बारा दिवसांत. केंटकी ब्लूग्रासला तीन ते चार आठवडेही लागतात. त्यामुळे पंधरा दिवसांत काही दिसलं नाही म्हणून पाणी तोडू नये. बरेच जण नेमके तिथेच चुकतात. दसऱ्याला आबांनी घटातलं धन टोपीत खोवलं आणि बाहेर जाऊन कोवळ्या गवतावरून तळहात फिरवून आले. पाऊल त्यांनी आत टाकलं नाही.

पुढच्या भागात, मेलबॉक्सजवळ, गवत पिवळं पडून सतरंजीसारखं उचलून येत होतं. आबांनी खुरपं घालून एक फूट बाय एक फूट तुकडा उलटा केला. खाली इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या पांढऱ्या अळ्या. "हुमणी," ते लगेच म्हणाले. उसाच्या पट्ट्यात हा शब्द धास्तीने उच्चारतात. आपल्याकडची हुमणी वेगळ्या जातीची, इथली बहुतेक जपानी भुंगेऱ्याची. हा भुंगेरा अमेरिकेत पहिल्यांदा १९१६ साली न्यू जर्सीत एका रोपवाटिकेत सापडला आणि तिथून पसरला. जुलैत तो गुलाबाची, द्राक्षाची पानं चाळणी करतो, गवतात अंडी घालतो, आणि गणपती ते दसरा अळ्या मुळ्या खातात. मग थंडीबरोबर खोल जातात. एका चौरस फुटात दहाच्या आसपास किंवा जास्त सापडल्या तर उपाय करायचा. चार-पाच असतील तर निरोगी लॉन सोसतं. आमच्याकडे चार निघाल्या. मी औषध टाकलं नाही, फक्त तेवढा भाग परत पेरला.

खताचं. पोत्यावर २४-०-११ असे तीन आकडे असतात. आबांना ते समजावून सांगावे लागले नाहीत, आपल्याकडे १०-२६-२६ चं पोतं शेतकऱ्याच्या घरी असतंच. नत्र, स्फुरद, पालाश. या गवतांना एका वेळेला हजार चौरस फुटांना एक पौंड नत्र ही मर्यादा, म्हणजे गुंठ्याला अर्धा किलो. २४ टक्क्यांच्या पोत्यातलं दोन किलो खत एका गुंठ्याला. वर्षात एकदाच खत द्यायचं असेल तर ते सप्टेंबरात द्यावं. वसंतात भरपूर नत्र दिलं की पानं फोफावतात, कापणी वाढते आणि मुळ्या उपाशी राहतात.

दुसरा हप्ता कधी, यावर मत बदललं आहे. पूर्वी नोव्हेंबरात, कापणी थांबल्यावर, एक जोरदार हप्ता देण्याचा सल्ला सर्रास दिला जाई. अलीकडच्या संशोधनात दिसलं की थंड भागांत इतक्या उशिरा गवत नत्र फार कमी उचलतं आणि उरलेलं पाण्याबरोबर निघून जातं. मी म्हणून दुसरा हप्ता अर्धा करून ऑक्टोबरच्या मध्याआधी देते. दुकानात नोव्हेंबरात "थंडीसाठी खास" असं लिहिलेली पोती स्वस्त होतात, त्यांच्याकडे बघत नाही.

याच दिवसांत डँडेलियनसारखी बहुवर्षीय तणं काढावीत. तीही थंडीसाठी मुळांत साठा नेत असतात, त्यामुळे पानावर मारलेलं औषध मुळापर्यंत जातं. मी औषध न मारता पाऊस पडून गेल्यावर लांब खुरप्याने मुळासकट काढते. सहा गुंठ्यांना ते जमतं.

कोजागरीच्या आसपास कोलंबसला पहिली कडक थंडी येते. सकाळी गवतावर दव गोठून पांढरी साय धरते. तेव्हा त्यावरून चालू नये. पानांच्या आतलं पाणीही गोठलेलं असतं, पाय पडला की पेशी फुटतात आणि दोन दिवसांनी पावलांचे काळपट ठसे उमटतात. ऊन येईपर्यंत थांबलं की काही होत नाही.

आणि मग पानगळ. दोन मॅपलची पानं आठवड्याभरात घोट्यापर्यंत येतात. पहिली काही वर्षं मी ती दाताळ्याने ओढून कागदी पिशव्यांत भरत असे. एका हंगामात चाळीस पिशव्या भरल्या होत्या, आणि कंबर धरली होती. आबांनी रस्त्याच्या कडेला रांगेने ठेवलेल्या अशा पिशव्या पाहिल्या आणि विचारलं, "हे पाचट कुठं नेतात?"

पाचटाची गोष्ट आमच्या घरातली आहे. ऊस तुटून गेला की राहिलेला पाला पेटवून द्यायचा, अशी पिढ्यांची रीत. आबाही पेटवत. मग कृषी खात्याचे, कारखान्याचे लोक सांगू लागले, पाचट जाळू नका, कुट्टी करा, सरीत कुजवा. त्यांनी एका तुकड्यात करून पाहिलं. दुसऱ्या वर्षी त्या तुकड्यात पाणी कमी लागलं आणि गांडुळं दिसली. तेव्हापासून काडी लावली नाही.

मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीने मॅपल आणि ओकच्या पानांवर वर्षानुवर्षं हाच प्रयोग लॉनवर केला आहे. गवत कापायच्या यंत्रानेच पानं बारीक करून जागेवर सोडली, तर गवताला इजा होत नाही आणि डँडेलियनही कमी होतात. तुकडे नखाएवढे झाले पाहिजेत आणि त्यांच्यातून गवताची टोकं वर दिसली पाहिजेत, एवढीच अट. अख्खी पानं मात्र गवतावर राहू देऊ नयेत. ती ओली होऊन चिकटतात, खाली उजेड पोहोचत नाही आणि बर्फाखाली बुरशी धरते. आम्ही आता कोरड्या दिवशी, दर चार-पाच दिवसांनी यंत्र फिरवतो. पानांचा थर फार झाला तर जास्तीची झुडपांच्या आळ्यांत अख्खीच पसरतो. काजव्यांच्या अळ्या पालापाचोळ्यात आणि मातीतच हिवाळा काढतात. भंडारदऱ्याचे काजवे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना सांगते, ओहायोतही जून-जुलैत अंगण तसंच चमचमतं. ज्या अंगणातलं प्रत्येक पान उचलून नेतात तिथे ते कमी दिसतात, असा माझा अनुभव आहे. रस्त्याच्या गटारात पान जाऊ द्यायचं नाही, कुजणाऱ्या पानांतूनही स्फुरद पाण्यात उतरतं.

मॅपलच्या अगदी खाली गवत कधीच आलं नाही. सावलीही आणि मुळांची गर्दीही. तिथे गवताचा हट्ट सोडून मी सावलीतली झाडं लावली आणि पाचोळा टाकला. लॉन जितकं राखता येईल तितकंच असावं असं माझं ठाम मत झालं आहे.

दिवाळीच्या दिवसांत शेवटची कापणी. एरवी मी तीन ते साडेतीन इंच उंच ठेवते आणि एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त कधी कापत नाही. शेवटच्या एक-दोन कापण्यांत ते हळूहळू अडीच इंचांवर आणते. फार उंच राहिलं तर बर्फाखाली लोळून बुरशी येते आणि व्होल नावाचे उंदरासारखे प्राणी त्यात बोगदे करतात. फार कमी केलं तर बुडखा उघडा पडतो. नंतर बाहेरचा नळ आतून बंद करणं, नळी सोडवून ठेवणं, जमिनीतल्या फवाऱ्यांचं पाणी हवेच्या दाबाने काढून घेणं. हे राहिलं तर गोठलेल्या पाण्याने नळ्या फुटतात.

मुलांकडे पाहुणे म्हणून येणाऱ्या आई-वडिलांना हे वाचून पुण्या-नाशिकच्या आपल्या लॉनवर तसंच करावंसं वाटेल. करू नये. तिथलं लॉन हरळीचं किंवा मेक्सिकन गवताचं असतं, दोन्ही उन्हाची. त्यांची नवी लागवड जून-जुलैत पावसाबरोबर करावी. थंडीत वाढ मंदावते, म्हणून पाणी कमी करावं, नत्र रोखावं, आणि पिवळेपणा दिसला तरी खताने हिरवं करायच्या मागे लागू नये.

आबा त्या वर्षी दिवाळी करून परत गेले. एप्रिलमध्ये मी व्हिडिओ कॉलवर त्यांना अंगण दाखवलं. टकलं भरली होती, मेलबॉक्सजवळचा तुकडाही. त्यांनी मला माती जवळून दाखवायला सांगितली, गवत नाही.

तुमच्याकडे असं अंगण असेल, तर या गणपतीत मूर्ती घरी आणण्याआधी एका दिवशी सहा इंची स्क्रूड्रायव्हर घेऊन बाहेर जा आणि चार ठिकाणी मातीत टोचून बघा. हाताच्या साध्या जोराने तो मुठीपर्यंत शिरला, तर एअरेटरचं भाडं वाचवा आणि थेट बी आणा. अर्ध्यावर अडला, तर आजच यंत्र ठरवून ठेवा, फक्त न्यायच्या दिवशी मूठभर माती दाबून वाफसा आहे की नाही ते पाहा.